शेवटाकडून वाचलेली पत्रे

निर्वासित लेखकाची कौटुंबिक पत्रे प्रसिद्ध झाली की समीक्षा त्यांचा उपयोग दोनच प्रकारे करते : ती साहित्यकृतीच्या निर्मितीची साधने ठरतात, किंवा लेखकाच्या मृत्यूचे पुरावे. पत्र ही स्वतंत्र संहिता आहे, तिला लिहिणारा आहे तसा वाचणाराही आहे, याचा दोन्ही प्रकारांत विसर पडतो. स्टेफान झ्वाइग आणि लोटे झ्वाइग यांच्या दक्षिण अमेरिकेतील पत्रांच्या वाट्याला नेमके हेच आले आहे.

हे दांपत्य १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंड सोडून अमेरिका खंडात गेले. ब्राझील, अर्जेंटिना, न्यूयॉर्क अशा भ्रमंतीनंतर सप्टेंबर १९४१ मध्ये ते ब्राझीलमधील पेत्रोपोलिस येथे भाड्याच्या घरात राहू लागले, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये तेथेच दोघांनी आत्महत्या केली. या काळात लोटेचा भाऊ आणि भावजय यांना इंग्लंडमध्ये पाठविलेली पत्रे डेरियन डेव्हिस व ऑलिव्हर मार्शल यांनी संपादित करून २०१० मध्ये ग्रंथरूपाने आणली.

ही पत्रे घर, हवामान, नोकरमाणसे, लोटेचा दमा आणि दूर राहणारी भाची यांनी भरलेली आहेत. शेवट ठाऊक असलेला अभ्यासक मात्र त्यांत केवळ नैराश्य शोधतो. पत्र खिन्न असेल तर ते नैराश्याचा पुरावा, प्रसन्न असेल तर नैराश्य लपविल्याचा पुरावा! कोणत्याही विधानाने जे खोटे ठरू शकत नाही ते अर्थनिर्णयन नव्हे, तो पूर्वग्रह होय. झ्वाइगचे नैराश्य खरे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अखेरचे निवेदन हे आधीच्या प्रत्येक पत्राचे भाष्य ठरत नाही.

या प्रसन्नतेचे कारण पत्रव्यवहाराच्या रचनेतच सापडते. उभयतांची मातृभाषा जर्मन, तरीही ही पत्रे इंग्रजीत लिहिली गेली, कारण युद्धकालीन टपाल-तपासणीत शत्रूची भाषा अडचणीची होती. म्हणजे मूळ वाचकाआधी एक तिसरा वाचक गृहीत धरूनच लेखन होत होते. शिवाय सप्टेंबर १९४० पासून इंग्लंडच्या शहरांवर बॉम्बवर्षाव सुरू होता. सुरक्षित किनाऱ्यावरच्या माणसाने बॉम्बखालच्या आप्तांपुढे आपले रडगाणे गावे कसे? तेव्हा येथील संयम हा मनाचा आरसा नाही आणि ढोंगही नाही. ते नात्याने घातलेले बंधन आहे. मजकुराचा अर्धा कर्ता तो ज्याला लिहिला आहे तो असतो, हे पत्रवाङ्मयाचे प्राथमिक सूत्र येथे विसरले जाते.

याहून गंभीर अन्याय लोटेवर झाला आहे. १९३४ मध्ये सेक्रेटरी म्हणून आलेली आणि १९३९ मध्ये पत्नी झालेली ही स्त्री झ्वाइगच्या आत्मचरित्राचे हस्तलिखित टंकित करीत होती. त्या आत्मचरित्रात मात्र त्याच्या दोन्हींपैकी एकाही पत्नीचे नाव नाही. पहिली पत्नी फ्रिडेरिके हिच्याशी झालेला पत्रव्यवहार १९५१ मध्येच ग्रंथरूपात आला. लोटेच्या लेखनाला २०१० पर्यंत थांबावे लागले. दरम्यान ‘मूक सेक्रेटरी’ ही तिची प्रतिमा रूढ झाली. मूक ती नव्हती. तिचे लेखन वाचण्याची गरज कोणाला भासली नाही. आज ते उपलब्ध असतानाही झ्वाइगच्या अखेरच्या दिवसांचे साधन एवढेच स्थान त्याला देणे म्हणजे जुनी उपेक्षा नव्या पद्धतीने चालू ठेवणे होय. घरखर्च आणि स्वयंपाक यांविषयी ती जे लिहिते ते महत्त्वाच्या गोष्टींभोवतीचे किरकोळ तपशील नव्हेत. परदेशात घर उभे करणे हाच त्या दोन वर्षांतील स्थलांतराचा प्रत्यक्ष अनुभव होता.

निर्वासनाचे साहित्य म्हणजे केवळ महान लेखकाचे निवेदन, अशी व्याख्या करणाऱ्या समीक्षेला ही पत्रे पुरवणी वाटणारच. दोष पत्रांचा नाही, व्याख्येचा आहे. ती बदलायची तर पहिली अट साधी आहे : पत्र त्याच्या तारखेला वाचावे, लिहिणाऱ्याच्या मृत्यूच्या तारखेला नव्हे.