कुंचला न सोडलेला नट



आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी वहीच्या शेवटच्या पानावर चित्रे काढीत बसली, तर आपण तिला काय म्हणतो, हे एकदा स्वतःशीच आठवून पाहा. "चित्रे काढून पोट भरते काय?" हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी विचारलेला आहे. त्यात आपला फारसा दोष आहे असेही आम्ही म्हणत नाही. ज्यांनी उपाशी राहून फी भरली आणि ज्यांच्या घरात पहिली नोकरी आली ती परीक्षेच्या जोरावर, त्यांना रंगांची पेटी ही चैन वाटावी हे स्वाभाविकच होय. तथापि या प्रश्नाचा निकाल लावण्यापूर्वी एका नटाची हकीकत आपण ऐकावी, अशी आमची विनंती आहे.

श्री. अमोल पालेकर यांना आपण रूपेरी पडद्यावर पाहिलेले आहे. 'रजनीगंधा' (१९७४), 'छोटी सी बात' आणि 'चितचोर' (१९७६), 'घरौंदा' (१९७७), 'गोलमाल' (१९७९) हे त्यांचे बोलपट आजही घरोघरी पाहिले जातात. परंतु १९४४ साली मुंबईत जन्मलेल्या या गृहस्थांचे शिक्षण नटाचे नव्हे. ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिकलेले चित्रकार. त्यांची स्वतःची चित्रप्रदर्शने झालेली आहेत, आणि त्यांची चित्रकला अमूर्त धाटणीची आहे. म्हणजे झाड, माणूस, घर असे ओळखू येणारे काही न रेखाटता केवळ रंग आणि आकार यांतून बोलणारी. आपण शिक्षणाने चित्रकार, अपघाताने नट आणि आवडीने दिग्दर्शक आहोत, असे ते स्वतःच सांगत आले आहेत.

आता पोटाचा प्रश्न घ्या. त्याचे उत्तर या गृहस्थांनी फार साधेपणाने दिले. त्यांनी बँक ऑफ इंडियात नोकरी धरली. दिवसा खातेवह्या, आणि उरलेल्या वेळात कुंचला व रंगभूमी. श्री. सत्यदेव दुबे यांच्या नाट्यसंस्थेत ते काम करू लागले, आणि दुबे यांनीच १९७१ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकावरून केलेल्या चित्रपटात ते प्रथम पडद्यावर दिसले. १९७२ साली 'अनिकेत' ही स्वतःची नाट्यसंस्थाही त्यांनी सौ. चित्रा पालेकर यांच्यासह उभी केली. कलेसाठी घरदार सोडून निघून जाणाऱ्या कलंदराची गोष्ट आपल्याला नेहमी सांगितली जाते, परंतु ज्यांना मागे वडिलोपार्जित वाडा आहे त्यांनाच ती परवडते. आपल्या मुलांच्या उपयोगाची गोष्ट ही दुसरी, पगारी नोकरीच्या आधाराने रंग विकत घेणाऱ्याची आहे.

येथे एक तक्रार नोंदविल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. त्या काळी वर्तमानपत्रे लिहीत की, पालेकर हे पडद्यावरील 'सामान्य माणूस' आहेत. मारामारी न करणारा, बसच्या रांगेत उभा राहणारा, साहेबाला भिणारा, एका मुलीशी बोलण्याचे धैर्य गोळा करणारा कारकून. हे चित्र खोटे नव्हते, आणि गोडही होते. परंतु हा सामान्य माणूस कोणाच्या घरातला? 'गोलमाल'मध्ये त्याचे नाव रामप्रसाद शर्मा. त्याच वर्षांत मुंबईत गोदीत, गिरण्यांत आणि नगरपालिकेच्या सफाई खात्यात राबणारा, रात्रीच्या शाळेत शिकणारा, आपल्या वस्तीत विहार उभारणारा माणूसही सामान्यच होता. त्याला पडद्यावर नाव नव्हते, आडनाव तर नव्हतेच. हा दोष एका नटाचा नव्हे हे आम्ही जाणतो. कथा लिहिणारे आणि पैसा घालणारे ज्या घरांतून आले, त्या घरांच्या खिडकीतून जेवढे दिसत होते तेवढेच पडद्यावर आले. तरीही ही गोष्ट विसरून टाळ्या वाजविणे आपल्याला शोभणार नाही. देव्हाऱ्यातील देव विसर्जित करून तेथे नटांच्या तसबिरी लावणे, हा काही मोठा पराक्रम नव्हे.

यशाच्या भरात असतानाही या नटाने आपली गोड प्रतिमा जपून ठेवली नाही, हे मात्र त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' (१९७७) या हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या चित्रपटात त्यांनी पत्नीच्या कमाईवर जगणारा व तिलाच छळणारा पती उभा केला. पुढे ते स्वतः दिग्दर्शक झाले, तेव्हा पहिलाच विषय निवडला तो मानवतच्या हत्याकांडाचा. परभणी जिल्ह्यातील त्या गावी १९७० च्या दशकाच्या आरंभी गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांच्या लोभाने बळी देण्यात आले होते. 'आक्रीत' (१९८१) हा तो चित्रपट, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, आणि त्यातील दुष्ट पुरुषाची भूमिका पालेकरांनी स्वतःकडे घेतली. अंधश्रद्धेच्या बाजारात माणसाचा जीव किती स्वस्त होतो, हे ज्यांना घरच्या अनुभवाने ठाऊक आहे त्यांनी हा चित्रपट पाहण्यासारखा आहे. त्यानंतर त्यांनी अभिनय हळूहळू आवरता घेतला. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरील 'बनगरवाडी' (१९९५) हा त्यांचाच.

परंतु आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटावा असा चित्रपट म्हणजे 'ध्यासपर्व' (२००१). तो आहे रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर. संततिनियमनाचा प्रचार करणारे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले, लोकांच्या शिव्या खात आणि खटले सोशीत. १९३४ साली अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते पूज्य बाबासाहेब. खटला हरला. तरी बाबासाहेबांनी तो विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा जो ठराव आला, तो त्यांच्याच पक्षातर्फे आला होता. लोकप्रिय नसलेल्या माणसाला बोलू द्यावे, यासाठी आपल्या नेत्याने आपला वेळ आणि आपली कीर्ती पणास लावली होती, एवढे या निमित्ताने ध्यानात ठेवा.

कारण पुढची हकीकत त्याच सूत्राची आहे. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करावयाचा तर आधी संहिता सरकारी मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. या नियमाविरुद्ध पालेकरांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. हा प्रश्न केवळ मोठ्या नाट्यगृहांचा आहे असे समजू नका. ज्या समाजाने जलशांतून आणि शाहिरांच्या तोंडून आपला विचार गावोगाव नेला, त्याने कोणते शब्द बोलावे हे आधी कचेरीत ठरणार असेल, तर हा आपलाही प्रश्न आहे.

पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बर्वे यांच्या चित्रांचे प्रदर्शन उघडले. बर्वे १९९५ साली वारलेले. तेथे पालेकर भाषणास उभे राहिले ते नट म्हणून नव्हे, चित्रकारांच्या बिरादरीतील एक म्हणून. संग्रहालयाच्या कामात स्थानिक कलावंतांची जी सल्लागार समिती असे, ती मोडीत काढून प्रदर्शनांचे निर्णय दिल्लीहून होणार, याबद्दल त्यांनी प्रश्न उपस्थित केला. व्यासपीठावरूनच त्यांना मध्ये मध्ये अडविण्यात आले आणि बर्वे यांच्यापुरतेच बोला, असे सांगण्यात आले. त्यांनी तेथल्या तेथेच विचारले की, ही बोलण्यावरची बंदी समजावयाची काय?

वयाच्या पंचाहत्तरीला टेकलेल्या मनुष्याला हे बळ कोठून येते? आमचे मत असे की, ते कुंचल्यातून येते. नुसत्या नटाला निर्माता हवा, वितरक हवा, उद्याची भूमिका हवी. त्याला कोणाला तरी दुखवून चालत नाही. ज्याला खोली बंद करून कापडावर रंग लावता येतो आणि ते कोणी विकत न घेतले तरी ज्याचे काम अडत नाही, त्याच्यावर दडपण आणणे अवघड असते. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. आपणांस पटत नसेल तर सोडून द्यावे.

आणि त्या जुन्या तक्रारीचे काय झाले, तेही सांगतो. ज्या नागपुरात १९५६ साली धम्मदीक्षा झाली, त्याच नागपुरात १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगर वस्तीतील सुमारे दोनशे स्त्रियांनी, वर्षानुवर्षे त्यांच्यावर बलात्कार व जुलूम करणाऱ्या अक्कू यादव नावाच्या गुंडाला भर न्यायालयात ठार मारले. पोलिसांकडे गेलेल्या तक्रारींचे काही झाले नव्हते. या घटनेवर आधारलेला '२०० हल्ला हो' हा चित्रपट ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यात पालेकर आहेत, आणि त्यांची भूमिका आहे एका निवृत्त दलित न्यायाधीशाची. आयुष्यभर कायद्याच्या चौकटीत चालून मोठा झालेला हा मनुष्य, आपल्याच समाजातील बायकांना त्या चौकटीने काय दिले, याचा हिशेब करू लागतो. 'कोर्ट चालू आहे' पासून मोजले तर मध्ये पन्नास वर्षे गेली होती.