श्वासाचा तास नापास झालेला नाही

शाळेत ध्यान आणि योग शिकवून मुलांचे मन सावरते हा भ्रम फुटला, असे म्हणणारे हल्ली ब्रिटनमधील ‘मिरियड’ संशोधनाचा दाखला देतात. दाखला खरा आहे. ८० हून अधिक शाळांतली ११ ते १३ वर्षांची आठ हजारांवर मुले त्यात होती. काही शाळांत माइंडफुलनेसचे, म्हणजे सजग ध्यानाचे, दहा पाठ झाले, बाकीच्यांत भावनिक शिक्षणाचे नेहमीचे तास. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: मुलांच्या नैराश्यावर हे पाठ सरस ठरले नाहीत.

पण या निष्कर्षातून ‘सगळे निरुपयोगी’ असे निघत नाही. तुलना काहीच न करणाऱ्या शाळांशी नव्हती, भावनिक शिक्षण आधीपासून देणाऱ्या शाळांशी होती. शिवाय बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. काठावर उभे राहून दहा व्याख्याने ऐकली म्हणून कोणी पोहायला शिकत नाही. म्हणजे अपयश आले ते ठराविक पाठ सरसकट सगळ्यांना वाटून टाकण्याच्या पद्धतीला.

उत्साही समर्थकांचेही मला पटत नाही. २१ जूनला योगदिनी मैदानात रांगा लावून फोटो काढले की मुलांच्या मनाची जबाबदारी संपली, असे मानणे ही फसवणूकच. त्याच संशोधनात आधीच धोक्यात असलेल्या काही मुलांवर किंचित उलटा परिणाम दिसला. घरी मारहाण सोसणाऱ्या मुलाला डोळे मिटायला लावल्यावर त्याला शांतता मिळेलच असे नाही. त्याला समुपदेशक हवा. उपाशी मुलाला आधी जेवण हवे.

मग शाळेत योग का हवा? कारण परीक्षेच्या भीतीने छाती धडधडते, राग मुठीत उतरतो, तेव्हा शरीरात काय चालले आहे हे ओळखायला दुसऱ्या कोणत्या तासाला शिकवतात? श्वास लांबवला की शरीराचा ताण उतरू लागतो, आणि ताण उतरला की समोरचे गणित दिसू लागते. हे तपासून पाहण्याची परंपराही आपलीच आहे: स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभारले, ते योगाला प्रयोगशाळेत नेण्यासाठीच. महाराष्ट्रातल्या शाळांसाठीच्या ‘मित्र उपक्रमा’तले आनापान ध्यानही साधे आहे: रोज काही मिनिटे, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष.

त्याला जोड हवी तीन गोष्टींची. शिक्षक आधी स्वतः सराव करणारा हवा. ‘मिरियड’मध्येही प्रशिक्षित शिक्षकांचा थकवा काही काळ कमी झालाच होता. डोळे उघडे ठेवण्याची, नको असेल तर न करण्याची मुभा मुलाला हवी. आणि या तासाच्या नावाखाली खेळाचा तास किंवा समुपदेशकाचे पद कापले जाता कामा नये. शिक्षण विभागाने परिपत्रक जरूर काढावे, पण त्याआधी शिक्षकांच्या वेळापत्रकात सरावाला आणि अंदाजपत्रकात समुपदेशकाला जागा द्यावी. तेवढे न करता योग पडताळला आणि तो फसला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.