दार उघडं आहे, पायरी कुठंय?

पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी तिशी-चाळिशीत पुन्हा शिकायचं म्हणत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या वर्गातल्या एका ताईंची बीएच्या पहिल्या सत्राची परीक्षा हुकली. अभ्यास झाला होता, फी भरली होती, घरच्यांची समजूतही काढून झाली होती. अडलं हॉलतिकिटावर. प्रवेशाच्या वेळी ईमेल आयडी एका सायबर कॅफेवाल्यानं काढून दिलेला, पासवर्ड त्याच्याच वहीत. मोबाइल नंबर नवऱ्याचा, आणि तो ट्रक घेऊन बाहेरगावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी कॅफे बंद, नवऱ्याचा फोन लागेना, ओटीपी मिळेना. हॉलतिकीट हातात आलं तोवर पेपर सुटला होता.

ताई मला म्हणाल्या, "सर, नापास झाले असते तर एवढं वाटलं नसतं. निदान पेपर तरी लिहिला असता."

या ताई अंगणवाडी सेविका आहेत. बारावी होऊन अठरा वर्षं झाली. मुख्यसेविकेच्या सरळसेवा भरतीला पदवी लागते, म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पुस्तक हातात घेतलं. त्यांच्यासारखे किती तरी लोक आहेत. होमगार्ड, दुकानात हिशेब लिहिणारे, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या बायका. प्रवेश सगळ्यांना मिळतो. पुढे पहिल्या सहा महिन्यांत अर्धे कुठं गायब होतात, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मोठ्या माणसाला कॉलेजात घेण्याआधी दोन-तीन महिने गणित आणि कॉम्प्युटरची पूर्वतयारी करून घ्या. ऐच्छिक किंवा कागदोपत्री नको, खरोखरची.

हे काही मी नवीन सांगत नाही. जोतिरावांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, कारण शाळेची वेळ या माणसांना जमत नाही हे त्यांना दिसलं. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ झालं, तेव्हा बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम असावा हाही विचार झाला होता. माणूस थेट पदवीच्या वर्गात बसू शकत नाही, मध्ये पायरी लागते, हे आपल्याला तेव्हाच कळलं होतं.

आज काय आहे? एका टोकाला साक्षरता. 'उल्लास' कार्यक्रम १५ वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची आजीबाईंची शाळा २०१६ मध्ये सुरू झाली, गुलाबी साड्यांतले ते फोटो आपण सगळ्यांनी शेअर केले. करायलाच हवेत. दुसऱ्या टोकाला पदवी. मधल्या माणसाचा फोटो कुणी काढत नाही. तो साक्षर आहे, म्हणून योजनेत बसत नाही. आणि कॉलेजच्या पोर्टलला वाटतं की त्याला सगळं येतं.

आता गणिताबद्दल. मी वीस वर्षं गणित शिकवतोय, म्हणून छातीठोकपणे सांगतो, या लोकांना गणित येत नाही हे खोटं आहे. आमच्या वर्गातल्या बायका बचत गट चालवतात. शेकडा दोननं पाच हजार घेतले तर महिन्याचं व्याज शंभर, हे त्यांना बोटं न मोजता येतं. पण फळ्यावर 'टक्केवारी काढा' लिहिलं की हात थांबतो.

त्या दिवशी ताईंना विचारलं, तुमच्या अंगणवाडीत चाळीस मुलं, त्यातली सहा कमी वजनाची, तर किती टक्के? म्हणाल्या, "ते ॲपमधी येतं ना सर." मी म्हटलं, ॲप राहू द्या. चाळिसाला सहा, तर विसाला किती? "तीन." मग शंभराला? जरा थांबल्या. "पंधरा." आणि मग स्वतःच हसल्या, "म्हंजी शेकडाच की हो हा!"

तेच तर. टक्का म्हणजे शेकडा. आपल्या आज्यांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी पाठ असायची. हिशेब आपल्या रक्तात आहे, अडचण आहे ती पुस्तकी भाषेची. ती भाषा कुणीतरी शांतपणे, न हसता उलगडून सांगायला लागते. दहावीत गणितात नापास झालेल्या माणसाच्या मनात वीस वर्षांनीही तो निकाल ताजा असतो.

आणि कॉम्प्युटर. "सगळ्यांकडे मोबाइल आहे" हे वाक्य मी मीटिंगांमधून इतकं ऐकलंय की कान किटले. व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवणं वेगळं, आणि सही स्कॅन करून ठरलेल्या केबीत बसवणं, पीडीएफ जोडणं, पासवर्ड स्वतःच्या ताब्यात ठेवणं वेगळं. "एमएस-सीआयटी आहे की" असंही लोक म्हणतात. आहे, २००१ पासून आहे, आणि त्यानं लाखो लोक पहिल्यांदा माउसला हात लावायला शिकले. पण सर्टिफिकेट फाइलला लावण्यापुरतं घेतलं असेल तर दहा वर्षांनी हाताला काही येत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की ही दोन्ही एकत्र शिकवा. बचत गटाची वही एक्सेलमध्ये घ्या. बी२ मध्ये कर्जाची रक्कम, शेजारी सूत्र: =बी२*२/१००. रक्कम बदलली की व्याज आपोआप बदलतं. तिथंच सांगा की हा बी२ म्हणजेच शाळेत ज्याला घाबरलात तो 'क्ष'. रिकामी जागा, तिच्यात कुठलीही रक्कम बसते. आमच्या वर्गात हे सांगितल्यावर एक काका म्हणाले, "एवढंच होतं होय?" हो काका, एवढंच होतं.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक तालुक्याला एक वर्ग. ज्या शाळेत चालू कॉम्प्युटर आहेत, ती रविवारी आणि संध्याकाळी उघडायची. शिकवणाऱ्याला मानधन द्यायचं, सेवाभावावर ढकलायचं नाही. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा नंबर, पासवर्ड स्वतःच्या वहीत. वर्ग संपताना परीक्षा नको, प्रत्येकानं आपला फॉर्म आपण भरून दाखवायचा.

कुणी म्हणेल, इथं लहान मुलांना शिक्षक मिळेनात, मोठ्यांचं काय घेऊन बसलात? शिक्षक कमी आहेत हे खरंय, आणि त्या जागा आधी भरल्याच पाहिजेत. पण ज्या घरात आई संध्याकाळी वही उघडून बसते, त्या घरातलं पोर काय बघतं याचाही विचार करा. दुसरा आक्षेप असा की यांना शिकायचं नसतं, फक्त पदवीचा कागद हवा असतो. असतील काही. पण कागदासाठी आलेला माणूस शिकून जाऊ नये, असा नियम आहे का?

ताईंनी यंदा पुन्हा फॉर्म भरला. या वेळी आमच्या वर्गात बसून, स्वतः. फोटो तीनदा रिजेक्ट झाला, चौथ्यांदा गेला. मी मागे उभा होतो, माउसला हात लावला नाही. मात्र वर्ष गेलं ते गेलंच, आणि त्याची भरपाई कुणी देणार नाही.

तुमच्या तालुक्यात असा वर्ग असेल तर कमेंटमध्ये लिहा, लोकांना कळू द्या. नसेल, आणि तुम्हाला एक्सेल नाहीतर टक्केवारी येत असेल, तर रविवारचे दोन तास काढा. सरकार करेल तेव्हा करेल.