वतनाची सनद

मराठीत ‘वतन’ म्हटले की देशमुख-पाटलांकडे वंशपरंपरेने चालत आलेली जमीन आणि मानपान आठवतो. त्यासाठी सनद लागे. उर्दूतले ‘वतन’ म्हणजे मायभूमी. तिला कागद लागत नाही. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत माणसाची किती ओढाताण होते, हे अ‍ॅनमेरी जासिर या पॅलेस्टिनी दिग्दर्शिकेच्या ‘सॉल्ट ऑफ धिस सी’ (२००८) या चित्रपटात दिसते.

नायिका सुराया ब्रुकलिनमध्ये जन्मलेली. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, त्यांत जाफा शहरातले तिचे आजोबाही होते. त्यांची बँकेतली शिल्लक गोठवली गेली. ती मागायला नात रामल्लाला येते, तेव्हा बँक हात वर करते. हताश होऊन ती आणि तिचा मित्र इमाद बँकच लुटतात. प्रेक्षकाला हे पटावे असा आग्रह चित्रपट धरत नाही. त्याचा खरा प्रश्न पुढे, जाफात येतो. आजोबांच्या घरात आता एक इस्रायली तरुणी राहते. ती दुष्ट नाही. दार उघडते, पाहुणचार करते. सुरायाला मात्र तिच्याकडून एकच गोष्ट हवी असते : हे घर आमच्याकडून हिरावले गेले, एवढी कबुली. तेवढीच मिळत नाही.

हा प्रश्न वर्ध्याला परका नाही. आजच्या सेवाग्रामचे नाव सेगाव होते, तेव्हा २० नोव्हेंबर १९३८ रोजी गांधीजींनी तिथून ज्यूंविषयी लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये आला. ज्यूंच्या छळाबद्दल त्यात पूर्ण सहानुभूती होती. पण पॅलेस्टाईन तिथल्या अरबांचे, आणि ज्यू जिथे जन्मले, जिथे पोट भरतात तो देश ज्यूंचा, असा त्यांचा निवाडा होता. जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा सल्लाही दिला. तो किती अपुरा होता, हे पुढच्या संहाराने दाखवले. तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी १९३९ मध्ये त्यांना पत्र लिहून हरकत घेतली. एकाच भूमीवर दोन समाजांचे दावे आहेत आणि त्यांत मेळ घालावा लागेल, असे त्यांचे म्हणणे होते.

सल्ला चुकला, तरी गांधीजींची कसोटी टिकते. फक्त ती सगळ्यांना लावावी लागते. कोकणातले बेने इस्रायली, गावकऱ्यांचे ‘शनिवार तेली’, शतकानुशतके मराठी बोलत इथे राहिले. म्हणून कोकण त्यांचेही होते. १९४८ नंतर त्यांतले हजारो इस्रायलला गेले. त्यांची नातवंडे तिथेच जन्मली. जन्म आणि कष्ट हीच कसोटी असेल, तर ती माती आता त्या नातवंडांचीही आहे. पण त्यासाठी सुरायाचा हक्क पुसावा लागत नाही, आणि तिचा हक्क मानण्यासाठी त्यांना हुसकावावे लागत नाही.

रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी गाझासाठी हात उठतात, ते स्वाभाविकच आहे. उद्ध्वस्त घरांत रोजे सोडणारी माणसे विसरता येत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मारल्या गेलेल्या इस्रायली नागरिकांनाही त्याच दुआत जागा असावी. दुःखाची वाटणी धर्म पाहून केली, तर ती दुआ राहत नाही, बाजू घेणे होते.

हाच नियम आपल्या गल्लीतही लागू पडतो. चार पिढ्या वर्ध्यात काढलेल्या, वऱ्हाडी ठसक्यात बोलणाऱ्या माणसाचे केवळ नाव ऐकून ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले जाते, तेव्हा त्याच्याकडेही सनदच मागितलेली असते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. जाफातल्या त्या तरुणीच्याही मनात नव्हते. पण सेवाग्राम इथून जेमतेम आठ किलोमीटरवर आहे. तिथे लिहिली गेलेली कसोटी निदान या जिल्ह्याने तरी शेजाऱ्याला लावून पाहावी.