चार्लीनंतरचा ठेका

‘हॅकनी डायमंड्स’ हा रोलिंग स्टोन्सचा अल्बम २० ऑक्टोबर २०२३ रोजी आला. स्वतः रचलेल्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम, ‘अ बिगर बँग’, २००५ सालचा. २०१६ च्या ‘ब्लू अँड लोनसम’मधली सगळी गाणी जुन्या ब्लूज गायकांची होती आणि ती तीन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली होती. २०२० च्या टाळेबंदीत एक सुटे गाणे आले, तेवढेच. हॅकनी हा पूर्व लंडनचा भाग. गाडीची काच फोडून चोरी झाली की रस्त्यावर काचेचा जो चुरा पडतो, त्याला लंडनच्या बोलीत ‘हॅकनीचे हिरे’ म्हणतात. अल्बमची पहिली कुणकुणही तिथल्या एका स्थानिक वर्तमानपत्रातल्या काचदुरुस्तीच्या खोट्या जाहिरातीतूनच लागली.

मधली अठरा वर्षे गाणी सुचत नव्हती म्हणून गेली, असे नाही. स्टुडिओत काम होई, अर्धवट राही, आणि तेवढ्यात पुढचा दौरा ठरे. या वयाच्या बँडचे उत्पन्न मैफलींतून येते आणि मैफलीला आलेल्यांना जुनी गाणी हवी असतात. एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स बंगळूरला आणि मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, तो दौरा ‘फॉर्टी लिक्स’ या संग्रहाच्या निमित्ताने होता; त्यातल्या चाळीस गाण्यांत नवी होती फक्त चार. नव्या अल्बमची निकड कुणालाच नव्हती. ही कोंडी गायक मिक जॅगरने फोडली ती तारीख ठरवून: १४ फेब्रुवारी २०२३ च्या आत काम संपवायचे. सोबतीला निर्माता म्हणून अँड्र्यू वॉट हा तिशीतला तरुण आला. ऑझी ऑस्बॉर्न आणि इगी पॉप या बुजुर्गांचे अल्बम त्याने आधीच केले होते.

खरा प्रश्न मात्र ड्रमचा होता. चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी गेला. तो जानेवारी १९६३ पासून बँडमध्ये होता. बहुतेक रॉक बँडमध्ये ड्रमवाला लय धरतो आणि बाकीचे तिच्यावर बसतात. स्टोन्समध्ये उलटे होते. कीथ रिचर्ड्स गिटारवर गाणे उचलायचा आणि चार्ली त्याच्या मागून, केसभर उशिरा यायचा. रिचर्ड्सने साठच्या दशकाच्या अखेरीस गिटारची सर्वांत जाड तार काढून टाकली आणि उरलेल्या पाच तारा ‘जी’ स्वरमेळात लावल्या. त्यामुळे पूर्ण स्वरमेळ एकाच बोटाने दाबता येई आणि आघातांच्या मधे मोकळ्या जागा राहत. चार्लीला त्या जागा ओळखता यायच्या. उजव्या हाताने हाय-हॅट ही झांजांची जोडी वाजवताना, डावा हात स्नेअर ड्रमवर पडणार त्या क्षणी तो उजवा हात उचलून घ्यायचा. त्यामुळे स्नेअरचा आघात एकटा, कोरडा ऐकू येई आणि ठेका किंचित हेलकावे. मूळ पिंड जॅझचा असल्याने तो कधी जोर दाखवायला गेला नाही. बँड पडतोय पडतोय असे वाटून नेमका समेवर यायचा, ती गंमत या दोघांच्या मधल्या अंतरात होती.

अल्बममधल्या बारापैकी दोन गाण्यांत चार्ली आहे. २०१९ मध्ये वाजवून ठेवलेले त्याचे ड्रम ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द सोर्ड’मध्ये वापरले आहेत. दुसऱ्या गाण्यासाठी बिल वायमनलाही बोलावले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँड सोडलेल्या या बासवादकामुळे जुनी तालजोडी एका गाण्यापुरती पुन्हा जुळली. बाकीच्यांतली नऊ गाणी स्टीव्ह जॉर्डनकडे आहेत; शेवटच्या गाण्यात ड्रमच नाहीत. तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून रिचर्ड्सच्या स्वतंत्र बँडमध्ये वाजवत आला आहे, आणि आपल्या जागी कोण हे चार्लीनेच सुचवून ठेवले होते. जॉर्डन जास्त ताकदीने आणि जास्त सरळ वाजवतो. गाणी घट्ट होतात, धावतात. हेलकावा मात्र जातो. त्याने चार्लीची नक्कल केली नाही, हे योग्यच झाले.

पाहुणे बरेच आहेत. पॉल मॅकार्टनी ‘बाइट माय हेड ऑफ’मध्ये खरखरीत आवाजाचा बास वाजवतो. १९६३ मध्ये लेनन आणि त्याने एक गाणे स्टोन्सना देऊन टाकले होते, तेव्हापासूनचा हा घरोबा. एल्टन जॉन दोन गाण्यांत पियानोवर आहे. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ हे सात मिनिटांहून मोठे गाणे लेडी गागा आणि स्टीव्ही वंडरच्या साथीने चर्चमधल्या गायनासारखे चढत जाते. संपले असे वाटत असताना ते पुन्हा सुरू होते आणि तिथेच सर्वांत रंगते. वॉटच्या कामातला दोष मात्र लपत नाही. त्याने सगळे वाद्यध्वनी एकाच उंचीवर आणून ठेवले आहेत. ‘अँग्री’ हे पहिलेच गाणे पहिल्या सेकंदाला जितके मोठे, तितकेच शेवटच्या. रिचर्ड्स आणि रॉनी वुड यांच्या गिटारी एकमेकींत विणलेल्या असतात. इथे त्यांचे धागे वेगळे काढता येत नाहीत.

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. २०२४ च्या अमेरिका दौऱ्याला अल्बमचेच नाव होते, तरी मैफलींत भर जुन्याच गाण्यांवर राहिला. त्या दौऱ्याची प्रायोजक होती पन्नाशीपुढच्या लोकांसाठी काम करणारी अमेरिकन संस्था. एकेकाळी आईबापांना धडकी भरवणाऱ्या बँडला याहून समर्पक प्रायोजक सापडला नसता.

बारावे गाणे ब्लूज गायक मडी वॉटर्सचे आहे. १९५० च्या त्याच्या याच ‘रोलिंग स्टोन’ गाण्यावरून बँडचे नाव पडले. ऑक्टोबर १९६१ मध्ये डार्टफर्ड स्थानकावर जॅगर आणि रिचर्ड्स अचानक भेटले, तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरीबरोबर मडी वॉटर्सचीही रेकॉर्ड होती. या बाराव्या गाण्यात ड्रम नाहीत, बास नाही, पाहुणे नाहीत. रिचर्ड्सची गिटार आणि जॅगरचा आवाज व हार्मोनिका, एवढेच. वॉटने इथे काही भरलेले नाही, त्यामुळे बोट तारेवरून घसरल्याचाही आवाज येतो. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या अल्बममधली ही शेवटची पावणेतीन मिनिटे.