लाइनवर क्रीम अलाउड नाही!

माझी रूममेट चाकणच्या एका कार कंपनीत पेंट शॉपला आहे. पहाटे साडेपाचला निगडीतून कंपनीची बस. आरशासमोर मला लागतात पंधरा मिनिटं, तिला पंधरा सेकंद. तोंडावर पाणी, केसांना रबर, चलो! मला वाटायचं, हिला नटायची हौसच नाही. मग कळलं, पेंट शॉपमध्ये डिओ, हेअर जेल, हँड क्रीम यातलं काहीच चालत नाही. कारण एकच, सिलिकॉन. त्याचा बारीकसा अंश जरी पत्र्यावर पडला, तरी रंग तिथून मागे सरकतो आणि खळगा पडतो. झालं, गाडी रिवर्कला!

आणि हेच सिलिकॉन माझ्या सीरममध्ये आणि प्रायमरमध्ये ‘डायमेथिकोन’ नावानं ऐटीत बसलेलं असतं. त्वचेवर पातळ थर धरतं, स्पर्श मऊ करतं, ओलावा टिकवतं. गाडीला नको ते गालाला चालतं.

त्या रविवारी आम्ही दोघींनी माझा मेकअपचा डबाच उपसला. तिच्या ओळखीचे निघाले की एकेक! टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे गाडीचा पांढरा रंग. तोच सनस्क्रीनमध्ये अतिनील किरण अडवतो. झिंक ऑक्साइड टायरच्या रबरात असतं, तेच सनस्क्रीनमध्ये आणि कॅलामाइन लोशनमध्ये. पर्ल रंगाची चमक असते अभ्रकाची, तीच माझ्या आयशॅडोची. आणि फाउंडेशनच्या सगळ्या शेड्स? आयर्न ऑक्साइड. म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ, फक्त शुद्ध केलेला!

घाबरायचं कारण नाही हं. पदार्थ तोच असला तरी शुद्धता, प्रमाण आणि वापर वेगळा. लेबल वाचायला मात्र शिकायला हवं. जे जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मग कुठल्याही क्रमानं. ‘अॅक्वा’ दिसलं की दचकू नका, ते पाणी. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. पॅराबेन बुरशी आणि जंतू रोखतात, नाहीतर डबी महिन्याभरात आंबेल. सोडियम लॉरिल सल्फेट फेस आणतं, पण कोरड्या त्वचेला बोचतं.

डबा संपला, तेव्हा तिनं तिच्या उशीखालून एक छोटी पांढरी डबी काढली. “हिच्यात काय आहे गं?” घरमालकीण काकूंनी दिलेली. पार्लरवालीकडून आणलेली, ‘आठ दिवसांत उजळ’. दिवाळीनंतर तिचा बघण्याचा कार्यक्रम आहे. बारा दिवस रोज रात्री लावत होती. डबीवर घटक नाहीत, कंपनीचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही.

मला अकोल्याची बातमी आठवली. २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना सूज आली. समान धागा होता एक गोरेपणाची क्रीम. मुंबईत केईएमच्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग, यापुढे चालत नाही. मुद्दाम घालण्याचा तर प्रश्नच नाही. अशा डब्यांमध्ये कधी पाऱ्याऐवजी स्टेरॉइड असतं. त्यानं आधी चेहरा तुकतुकीत होतो, मग त्वचा पातळ, लाल, पुरळ. म्हणूनच स्टेरॉइडची बरीच मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्याकडे बॅच नंबर नसलेला ड्रम गेटच्या आत येत नाही. आणि मी हे तोंडाला लावलं.”

सोमवारी सुट्टी टाकून ती डॉक्टरांकडे गेली. डबी सोबत नेली. लघवीची तपासणी झाली, त्यात प्रोटीन जातंय का ते कळतं. रिपोर्ट नॉर्मल आला. हुश्श!

पण गोष्ट इथं संपत नाही. काकूंची मुलगी हीच क्रीम वर्षभर लावतेय, डिसेंबरात लग्न आहे तिचं. काकूंना सांगायला गेलो तर त्या आधी चिडल्या, “आम्ही काय विष देतो का गं तुम्हाला?” मग मुलीचे पाय सकाळी सुजतात, हे त्यांनीच हळूच सांगितलं. उद्या आम्ही चौघी मिळून लॅबमध्ये जातोय.

तुमच्याही घरात अशी बिननावाची डबी असेल. आज रात्री ती लावू नका. फेकूही नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीला फेस येत असेल, पायांवर सूज असेल, तर अजिबात थांबू नका.

गाडीच्या बॉनेटला जेवढा मान आहे, तेवढा आपल्या चेहऱ्याला द्यायला काय हरकत आहे?