केबल आली, आता शोधातला वाटा

१८४५ साली मायकेल फॅरेडे यांनी शिसे मिसळलेल्या जड काचेतून प्रकाश सोडला, चुंबकीय क्षेत्र लावले आणि प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा फिरलेली पाहिली. विद्युतक्षेत्रानेही असे काही घडावे म्हणून त्यांनी धडपड केली, पण ते यश तीस वर्षांनी, १८७५ मध्ये, जॉन केर यांच्या वाट्याला आले. पुढे १८९६ मध्ये झीमन आणि १९१३ मध्ये श्टार्क यांनी बाह्य क्षेत्रात वर्णरेषा फुटतात हे दाखवले.

अर्धवाहकांची पाळी १९५८ मध्ये आली. फ्रान्झ आणि केल्डिश यांनी स्वतंत्रपणे मांडले, की विद्युतक्षेत्रात स्फटिक थोड्या कमी ऊर्जेचा प्रकाशही शोषू लागतो. मात्र तीव्र क्षेत्रात, प्रकाश शोषताना बनणारी इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची जोडी तुटते आणि शोषणरेषा पुसट होते. १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत डेव्हिड मिलर, डॅनियल शेमला आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडचे जेमतेम दहा नॅनोमीटर जाडीचे थर घेतले. सेंटिमीटरला लाखभर व्होल्ट या प्रमाणात क्षेत्र लावले (एका थरावर ते व्होल्टचा दहावा भागच पडते), तरी जोडी टिकली. इलेक्ट्रॉन आणि होल थराच्या विरुद्ध भिंतींकडे ओढले गेले, ऊर्जा उतरली आणि रेषा शाबूत राहून तांबड्या बाजूला सरकली. व्होल्टेज बदलले, की तोच थर ठरावीक रंगाचा प्रकाश अडवतो किंवा सोडतो. फायबरमधून लांब पल्ल्यावर धाडायच्या लेझरवर संदेश उमटवणारे कित्येक मॉड्युलेटर याच परिणामावर चालतात.

२०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली; तीच पुढे भारतनेट झाली. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. यातली दुसरी घटना आम्हाला अधिक मोलाची वाटते.

जंगलाच्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाने बांबू आणि वनोपजावर संशोधन करावे, हे योग्यच आहे. पण तेवढेच करावे, हा आग्रह अन्यायाचा आहे. बेलमधल्या त्या पातळ थरामागचे, म्हणजे पेटीत कोंडलेल्या कणाचे, गणित एम.एस्सी.च्या वर्गात शिकवले जाते. त्यात विद्युतक्षेत्र मिळवले, तर क्षेत्र सौम्य असेतो रेषेचे सरकणे थराच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढते: जाडी दुप्पट, तर सरकणे सोळा पट. हे काढायला साधा संगणक पुरतो. आधाराला परंपराही आहे. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांनी झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांवर काम केले, तर नागपूर विद्यापीठात एस. व्ही. मोहरील आणि एस. जे. ढोबळे यांनी प्रकाश देणाऱ्या फॉस्फर पदार्थांवर.

मोजमापाला मात्र स्पेक्ट्रोमीटर हवा. तो प्रत्येक महाविद्यालयात नसला तरी चालेल. नागपुरातल्या सामाईक यंत्रावर सिरोंच्याच्या किंवा एटापल्लीच्या विद्यार्थ्याला हक्काचे तास, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय राज्य सरकारने दिली, तर येत्या वर्षीच हे काम सुरू होऊ शकते.